‘गारी सोर!’

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. चाळीस वर्षं ड्रायव्हरकी केली. घाटात झोपलोय, स्मशानाच्या भिंतीला गाडी लावून झोपलोय, कधी काही दिसलं नाही. ज्यांना दिसलं त्यांची मी यथेच्छ टिंगल केली. तेव्हा हे वाचून तुम्ही माझी केलीत तरी माझी तक्रार नाही… पण जे घडलं ते जसंच्या तसं लिहितोय.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. मी साताऱ्याकडचा, वय चोवीस, भाईंदरला एका मीठवाल्या शेठच्या लॉरीवर होतो. राहायला गोडदेव गावात, हिराबाय नावाच्या आगरी विधवेच्या पडवीत. आज तिथे बिल्डिंगला बिल्डिंग चिकटलीय. तेव्हा गावाबाहेर पाऊल टाकलं की नजर पोचेल तिथवर मिठागरं — पांढरी, सपाट, सावलीला एक झाड नाही. माणसं वाईट नव्हती हो, पण मी परका. त्यांची बोली मला धड कळायची नाही. घोड्याला ‘घोरा’, काळ्याला ‘काला’, गाडीला ‘गारी’. मला सगळे नुसतं ‘ड्रायव्हर’ म्हणायचे, नाव कुणी विचारलंच नाही. कामापुरतं सोडलं तर आठ-आठ दिवस माझ्याशी कुणी बोलत नसे. संध्याकाळी मी लॉरीशी बोलायचो, खोटं कशाला सांगू!

त्या वर्षी उन्हाळ्यात गावाहून तार आली — आई गेली. बांधावर जायच्या चढणीवर लॉरी उभी होती, तोंड वर, शेपूट खाली. मी हॅन्डब्रेक कचकन ओढला आणि तसाच निघालो. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. वडील आधीच गेलेले, भाऊ-बहीण नाही. तेरावं उरकलं, घराला कुलूप घातलं आणि परत आलो.

आल्याआल्या मुकादमाने तोंडसुख घेतलं. "इकरं ब्रेक कोन लावतं रं? दगर लावतान!" त्याचं बरोबरच होतं. मिठागरावर गाडी जास्त दिवस ठेवायची तर चाकांमागे दगड लावायचे, हॅन्डब्रेक मोकळा सोडायचा. नाहीतर खाऱ्या वाऱ्याने आतला ब्रेकशू चाकाच्या ड्रमला गंजून चिकटतो. मी देशावरचा गडी, मला काय ठाऊक! मुकादमानेच माझ्यामागे मागच्या चाकांना दोन दगड लावून ठेवले होते. वर शेठचा निरोप होताच, "शाम तक गाडी स्टेशन पे नहीं आई, तो दूसरा ड्रायव्हर आएगा." आता ही नोकरी गेली असती तर मी जाणार कुठे? त्या कुलूपबंद घरात?

दुपारचे साडेबारा झाले असतील. मीठ ओढणारी माणसं जेवायला गावात गेली होती. बांधावर मी एकटा. हॅन्डब्रेकचा दांडा खाली पडला, पण चाकं जाम. पहिला गिअर टाकून हिसका दिला, रिव्हर्स टाकून दिला… इंजिन गचके खाऊन बंद. मागे हलायला जागा हवी म्हणून ते दोन दगड मीच काढून फेकले होते. मग गिअर न्यूट्रलला टाकला, हिराबायच्या चिमणीतून आणलेलं रॉकेल ड्रमच्या फटीत ओतलं आणि हातोडी घेऊन लॉरीखाली शिरलो. दगड परत लावायचे राहिलेच. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. छाती लॉरीखाली, पाय मागच्या चाकामागे, उताराच्या बाजूला.

ड्रमवर ठोकत होतो आणि रडत होतो. गावी एक टिपूस काढलं नव्हतं, ते तिथे सगळं बाहेर आलं. किती वेळ गेला कोण जाणे. तेवढ्यात आवाज आला —

"बालू, गारी सोर!"

बाईचा आवाज, वयस्कर. गाडी सोडव, असंच मी समजलो. ठोकता ठोकता म्हटलं, "तेच करतोय ना बाई! सुटत नाही मेली!"

पुन्हा आला. अगदी जवळून, कळवळून.

"बालू! गारी सोर!"

माझं डोकंच सटकलं. "कोण आहे गं ती? नुसती ओरडतेस काय? हात लाव की!" असं खेकसत मी खालून सरपटत बाजूला निघालो आणि उभा राहिलो.

कुणी नव्हतं. बांध दोन्हीकडे मोकळा, मिठाच्या वाफ्यांमध्ये घोट्याएवढं पाणी, लपायला एक झुडूप नाही. मी गरगर फिरून चारी बाजूंना पाहिलं. आणि ड्रममध्ये टक्क झालं… लॉरी सुटली. मी पडलो होतो त्या जागेवरून आधी मागचं चाक गेलं, मग पुढचं, आणि धाडदिशी खालच्या वाफ्यात जाऊन रुतली. माझी हातोडी जमिनीत पार दाबली गेली होती.

जेवून आलेल्या माणसांनी दोर लावून लॉरी बाहेर काढली. मुकादम हसत म्हणाला, "सुटला ना ब्रेक? झालं तं मंग!" लॉरी संध्याकाळच्या आत स्टेशनला लागली, नोकरी वाचली. मी कुणाला काही बोललो नाही. फक्त हिराबायला सांगितलं, ताटावर बसल्यावर.

ती हातातला भात तसाच धरून म्हणाली, "अरं खुल्या, ब्रेक सोर न्हाय म्हनली ती! गारी सोर म्हनली. गारीचा नाद सोर, भायेर ये." मग थांबून तिने विचारलं, "पन बालू कोन?"

बाळू मीच. कागदोपत्री नाव वेगळं आहे. बाळू फक्त आई म्हणायची, आणि भाईंदरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण माझी आई सातारा सोडून कुठे गेली नव्हती. ती ‘बाळू’ म्हणेल, ‘गाडी’ म्हणेल. ‘बालू’ आणि ‘गारी’ तिच्या तोंडी येणं शक्यच नाही. मग ती बाई इथलीच म्हणावी, तर तिला हे नाव सांगितलं कुणी?

रॉकेल मुरलं, ठोकून शू सुटला, हे मला मान्य आहे. ब्रेक सुटण्यात काही चमत्कार नाही. ऊन होतं, मन थाऱ्यावर नव्हतं, हेही मान्य. पण मला भास व्हायचा तर माझ्या भाषेत व्हायला हवा ना? एका शिकलेल्या माणसाला मी हे विचारलं. त्याने विषय बदलला.

पुढे दोनेक आठवडे मी रोज दुपारी जेवण सोडून त्या बांधावर जाऊन बसायचो. भीती? छे हो! उलट आशेने जायचो. एकदा तर चाकांना नीट दगड लावून मुद्दाम लॉरीखाली पडून राहिलो. वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

सत्तरी उलटली आता. ती कोण होती, मला माहीत नाही, आणि आता कळेल असं वाटतही नाही. सलतं ते वेगळंच. या मुलखात एवढ्या मायेने मला कुणी हाक मारली नव्हती, आणि मी काय केलं, तर तिच्यावर खेकसलो. त्यानंतर मला बाळू म्हणून कुणी हाक मारलेली नाही. मारली असती, तर आधी माफी मागितली असती.