पाण्याचाही वास

रविवारी पाहुण्यांसमोर लुंबिनीचा श्वास अडकला तर काय करायचं, हा विचार डोक्यातून जात नाही. मुलाकडचे लातूरहून तिला पाहायला येणार, म्हणून तिच्या पप्पांनी कालच बैठकीला ऑइलपेंट लावून घेतला. तेव्हापासून माझी मुलगी गच्चीवर आहे. जेवणही तिथंच. खालून हाक मारली तर नाकावर ओढणी धरून अर्ध्या जिन्यापर्यंत येते.

नांदेडच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर प्राणीशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची. बरण्यांतले बेडूक, साप काढून मुलांना दाखवायचे, पुन्हा फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचे. चोरीच्या भीतीने खोलीची खिडकी कायमची लावलेली. तासिकेवरच्या बाईने खिडकी उघडा म्हणायचं नसतं. आधी डोळे चुरचुरले, मग डोकं धरायला लागलं. पुढं फिनाईल, नवं कापड, डांबरगोळ्या, कशानेही छाती आवळायची, हात थरथरायचे. "आत्याबाई पावडर, मामा तंबाखू, दार न उघडता सांगते कोण आलंय," असं म्हणून ती हसायची. आता हसत नाही. नोकरी गेली. तिच्या जागी दुसरी मुलगी आली, त्याच बरण्या काढते.

संध्याकाळच्या वंदनेला अगरबत्ती लावली की ती उठून जायची. शेजारच्या जगदेवीने ते पाहिलं आणि सहज बोलून गेली, "वैनी, धुरानं थरथरती म्हंजी बाहेरचं हाय. माहूरला न्या एकदा."

तिथंच सगळं बिघडलं. देव्हारा, उतारे, अंगात येणं, हे सगळं सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातून गेलं. तिच्या पप्पांना त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण जगदेवीचं ते बोलणं कानावर गेलं, त्या दिवसापासून त्यांना लुंबिनीची थरथर म्हणजे अंगात आल्यासारखीच दिसते. वंदनेला तिला मुद्दाम पुढे बसवतात, तिच्यासमोर अगरबत्त्या लावतात. बौद्धाच्या घरात हे सोंग चालणार नाही म्हणतात. भूत न मानणारा माणूस रोज धुराने भूत उतरवायला बसतो, हे त्यांना दिसत नाही.

शेवटी मीच तिला लातूरला नेलं. तिथं डॉक्टर अपूर्वा अशाच रुग्णांवर संशोधन करतात. बहुरासायनिक संवेदनशीलता, असं त्या याला म्हणतात. त्यांनी बाटल्या हुंगायला दिल्या. काहींत वास कळणार नाही इतकं थोडं रसायन, काहींत नुसतं पाणी. कशात काय, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि देणाऱ्यालाही. लुंबिनीला दोन्हींनी धाप लागली.

घरी हे कळल्यावर तिचे पप्पा पोट धरून हसले. "आमच्या विदुषीला पाण्याचाही वास येतो."

डॉक्टर हसल्या नव्हत्या. पाण्याच्या वेळीही तिची नाडी खरोखर वाढली होती, असं त्यांनी दाखवलं. यात रसायन किती आणि धास्ती किती, हे अजून कुणालाच नीट ठरवता आलेलं नाही, त्यांनाही नाही. "औषध माझ्याकडे नाही, काकू. पण तिला जबरदस्तीने वासात बसवू नका. एवढं तरी करा."

एवढंच या घरात होत नाही. मुलाकडच्यांना काहीच सांगितलेलं नाही. लग्न झालं की थेरं आपोआप जातील, असं तिच्या पप्पांचं म्हणणं. रविवारी तिला त्याच बैठकीत बसवणार आहेत.

दुपारी ताट घेऊन वर गेले, तर लुंबिनी म्हणाली, "मम्मी, मी बसते. धाप लागली तर दमा आहे म्हण. दम्याला लोक मान देतात."

मी ताट ठेवून खाली आले.

दमा म्हणणार नाही. सकाळी तिचे पप्पा फिरायला बाहेर पडले की मुलाच्या आईला, महामायाताईंना, फोन लावणार आहे. आजाराचं नाव सांगेन. ते पुष्कळांना पटत नाही, हेही सांगेन. मुलगी पाहायचीच असेल तर या आणि वर गच्चीवर बसा. यायचं नसेल तर मला फोनवरच सांगा, तिच्या तोंडावर नको.