कानातलं निळं

त्या गावांमध्ये तिला सगळे कानवाल्या बाई म्हणत. महिन्यातून एकदा, चाकं लावलेली काळी पेटी ओढत ती बसमधून उतरायची. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत टेबल मांडायची आणि ऐकू कमी येणाऱ्यांच्या कानात यंत्रं बसवायची. कानात मऊ लगदा भरून साचा घ्यायचा, पुढच्या फेरीला यंत्र आणून बसवायचं, त्याच्या पुढच्या फेरीला ते टोचतंय का, शिट्टी मारतंय का ते बघायचं. अशी चार गावं, आठ दिवस, आणि मग घर. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

चित्रं काढायला ती लागली ती वेळ घालवायला. साचा घट्ट व्हायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणसाला ना बोलता येतं ना हलता. कानात लगदा, जबडा स्थिर, नजर भिंतीवर. इतकं आज्ञाधारक मॉडेल चित्रकारांनाही मिळत नसेल. बाईंची खुर्ची कानाच्या बाजूला असायची, त्यामुळे वहीतली सगळी माणसं एकाच बाजूने दिसायची. एक कान, एक डोळा, अर्धं नाक.

"समोरून काढ की कधीतरी," नवरा म्हणायचा. "माणसं सगळी रुसल्यासारखी दिसतात."

"समोर बसले तर कान कोण बघणार?"

चेहरा ती काळ्या पेनने काढायची आणि कानातलं यंत्र फिक्या निळ्या पेन्सिलीने. ही युक्ती तिच्या काकांची. काका छापखान्यात होते. फिकं निळं छपाईच्या काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून ते लोक पानावरच्या खुणा निळ्याने करायचे. बाईंना यंत्र चित्रात हवं असायचं ते कामासाठी. नळी किती लांब बसली, साचा कुठे दाबतोय, हे पुढच्या महिन्यात त्या निळ्या रेघांवरून कळायचं. पण चित्र जगाला दाखवायचं, तर यंत्र दिसून चालणार नव्हतं. चष्मा लोक मिरवतात, कानातलं मात्र लपवतात. का, ते देव जाणे.

जगाला दाखवायची खोड गेल्या तीन वर्षांतली. प्रवासात सकाळी उजेड चांगला असला की ती पेटीचं झाकण मांडीवर घ्यायची, त्यावर वही उघडायची, हाताची सावली पडणार नाही असा फोन धरायचा आणि पानाचा फोटो घ्यायचा. फोनमधल्या स्कॅनरने पानाच्या चार कडा पकडल्या की खालचं 'काळं-पांढरं'चं गोल बटण दाबायचं. कागदाचा पिवळटपणा जायचा, चहाचे डाग जायचे, आणि निळं यंत्रही जायचं. उरायचा नुसता मोकळा कान. 'एका बाजूची माणसं' नावाच्या तिच्या इंटरनेटवरच्या पानावर तो चेहरा चढायचा. सोबत आलेल्या घरच्यांचे चेहरेही मधूनमधून असायचे, त्यामुळे यंत्र कुणाला ते कळायचं नाही. आधी त्या माणसाला विचारूनच, अर्थात. लोक हो म्हणायचे. फक्त एक अट घालायचे: "ते दिसता कामा नये हं बाई."

ही अट सगळ्यात कडक घातली होती बटणवाल्या आजींनी.

पहिल्या गावात त्यांचं बटणं, दोरे, चेन आणि इलॅस्टिकचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. दुकान आता सून चालवायची. आजी आतल्या खोलीत बसून बटणं निवडायच्या. पाच महिन्यांपूर्वी त्या एकट्याच आल्या होत्या, भाजी आणायला जाते असं घरी सांगून.

"घरात कुणाला कळता कामा नये," त्या म्हणाल्या होत्या. "सुनेला तर मुळीच नाही."

"का हो आजी? सोयीचंच होईल की तिला."

"तिचं सोड. गेली चार वर्षं ती माझ्यासमोर काय काय बोलते, हे मला ओठ हलताना दिसतं. आता ऐकायचंय. यंत्र दिसलं तर बोलेल का ती?"

बाई हसल्या होत्या, पण शब्द दिला होता. आजींचे केस दाट, कानांवर येणारे. यंत्र त्याखाली सहज लपायचं. परवा तपासणीला आल्यावर आजींनी केस वर बांधले, मान ताठ केली, आणि बाईंना त्यांचं चित्र फार म्हणजे फारच चांगलं जमलं. गालावरची सुरकुती, बारीक केलेला डोळा, सगळं. "टाक तुझ्या त्या पानावर," आजी म्हणाल्या. "पण ते नको."

मंगळवारी सकाळी दुसऱ्या गावाला जाणाऱ्या बसमध्ये बाईंना खिडकी मिळाली. बस सुटायला दहा मिनिटं होती. त्यांनी झाकण मांडीवर घेतलं. फोन नवा होता. जुन्याची काच गेली म्हणून नवऱ्याने चार दिवसांपूर्वीच कौतुकाने आणून दिला होता. कडा पकडल्या, खालचं गोल बटण नेहमीच्या जागी होतं, ते दाबलं. ऊन थेट पडद्यावर येत होतं, चित्र धड दिसतही नव्हतं. पण हाताला सवय होती. त्यांनी चित्र पाठवलं, बस हलली, फोन पिशवीत गेला.

पुढे डोंगराचा रस्ता होता आणि तिथे रेंज नसायची. बाईंनी छान झोप काढली.

दीड तासाने बस चहाला थांबली. फोन थरथरला आणि थरथरतच राहिला. एवढी दाद कुणाला मिळाली, म्हणून बाईंनी कौतुकाने पान उघडलं.

कागद पिवळाच होता. कोपऱ्यातला चहाचा डाग तसाच होता. आणि आजींच्या कानामागून, आभाळाच्या रंगाचं, नळीसकट, अगदी नीट रेखलेलं यंत्र डोकावत होतं. बावीस वर्षांचा हात त्यात दिसत होता. यंत्रं बनवणाऱ्या त्यांच्या कंपनीच्या माहितीपत्रकातही इतकं स्पष्ट नव्हतं.

खाली कुणीतरी विचारलं होतं, "कानात निळं काय आहे?" दुसऱ्याने उत्तरही देऊन ठेवलं होतं. आणि त्याखाली बटणवाल्या सूनबाई: "आमच्या आई! अगदी अशाच बसतात."

बाईंनी आधी चित्र काढून टाकलं. मग नवऱ्याला फोन लावला.

"अहो, त्या स्कॅनरमध्ये तुम्ही काही केलंत का?"

"केलं की! खालच्या बटणावर रंगीत लावून ठेवलं. सारखं काय ते काळं-पांढरं, रडकं. छान दिसतंय ना?"

"फार छान दिसतंय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना ओरडावंसं वाटत होतं, पण न बघता दाबलं कुणी होतं? मीच.

चहा हातात निवत गेला. पेशंटची गोष्ट बाहेर गेली हे कंपनीला कळलं तर नोकरीवर येईल, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती निराळी होती. या कामात लोक आपला सगळ्यात लाजरा अवयव बाईंच्या हातात देतात, ते त्यांच्या तोंडाला कुलूप आहे म्हणून. आणि आजी? सुनेने घरात तोंड उघडलं असेल, तर काय काय ऐकवलं असेल तिने? चार महिने चोरून ऐकणारी सासू! फोन करावा, तर तो दुकानाच्या टेबलावर, उचलणार सूनच.

समोर परतीची बस उभी होती. दुसऱ्या गावात दुपारी दोनला सात जण यायचे होते. बाईंनी तिथल्या चष्मेवाल्याला फोन केला.

"उशीर होईल. चार वाजतील."

"मॅडम, लोकांना काय सांगू?"

"सांगा, बाईंची चूक झाली, ती निस्तरायला गेल्यात."

"हे सांगू?"

"नाहीतर बस बिघडली म्हणा," असं म्हणून त्यांनी पेटी उचलली आणि बस बदलली. परतीचा तो दीड तास त्या मनातल्या मनात वाक्यं जुळवत आणि मोडत राहिल्या.

दुकानात सून इलॅस्टिक मोजत होती. बाईंना बघून तिने गिऱ्हाईक आधी मार्गी लावलं, मग कंबरेवर हात ठेवले.

"बाई, चित्र काढून का टाकलंत? बहिणीला दाखवायला गेले, तर गायब!"

"तुम्ही... नीट पाहिलंत का ते?"

"नीट म्हणजे? ते निळं होय?" सुनेने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे."

"कसं?"

"बटणांवरून कळलं," सून म्हणाली. "आधी आई मूठभर बटणं पत्र्याच्या डब्यात धाडकन टाकायच्या. अख्खं दुकान दचकायचं. एक दिवस बघते, तर एकेक बटण हळूच ठेवतायत, तान्ह्या बाळाला निजवावं तसं. ज्याला ऐकू येत नाही त्याला आवाज कशाला टोचेल?"

नव्या यंत्राला पत्र्याचा खणखणाट सोसत नाही, हे बाई प्रत्येकाला बजावून सांगत. ते असं घरचा भेद फोडेल, हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मग बोलला नाहीत?"

"कशाला? उलट सोय झाली. आईंच्या तोंडावर मला एक शब्द नीट बोलता येत नाही. चांगला नाही आणि वाईटही नाही. आता नवऱ्याला सांगते, आईंना ऐकू जाईल असं. म्हटलं, आईंनी शिकवलं नसतं तर मला दुकान जमलं नसतं. नवरा बघतच राहिला. म्हटलं, त्यांच्या हातच्या भाजीत हल्ली मीठ जास्त पडतं. दुसऱ्या दिवशी बरोब्बर." तिने बाईंचा हात धरला. "त्यांना सांगू नका हं मला कळलंय ते. चालतंय ते छान चालतंय."

आतून आवाज आला, "कोण आलंय?"

"कानवाल्या बाई!" सून गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली.

"कोण? पानवाल्या?"

"कानवाल्या!"

"बरं बरं, पाठव."

बाई आत गेल्या. आजी खिडकीशी बसल्या होत्या, समोर चार डबे, मांडीवर बटणांचं ताट. बाईंनी दार लोटलं आणि घसा खाकरला. सुनेने काय सांगितलं, ते त्यांच्या ओठांवर येणार नव्हतं. पण स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगायला हवी होती.

"आजी, माझ्या हातून चूक झाली. चित्र रंगीत गेलं. दीड तास त्यात यंत्र दिसत होतं. आता काढून टाकलंय, पण गेलं ते गेलं. मी शब्द मोडला."

आजींनी एक मोतिया बटण उचललं, उजेडात धरलं आणि डब्यात ठेवलं. आवाज झाला नाही.

"तिने पाहिलं?"

"पाहिलं."

"हं." आजींनी दाराकडे मान वळवली, मग बाईंकडे. "तिला आधीच कळलंय गं."

"तुम्हाला कसं...?"

"पहिले चार-सहा दिवस ऐकलं, तर काही नाही. दूध संपलं, टॉवेल कुठाय, घोरू नका. मग एकाएकी नवऱ्याशी अशी नीट वाक्यं जोडून बोलायला लागली, आईंमुळे असं आणि आईंमुळे तसं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर नवऱ्याशी असं कुणी बोलतं का?"

बाईंना हसू आवरेना. त्या इतक्या हसल्या, की ताटातली दोन बटणं खाली पडली. सकाळपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं.

"मग बोलला नाहीत?" हाच प्रश्न आजच्या दिवसात त्या दुसऱ्यांदा विचारत होत्या.

"वेडी का काय? बोलले, तर थांबेल की ती. आणि मला काही सांगायचं झालं, तर मीही पोरालाच सांगते. भिंती पातळ आहेत." आजी वाकून पडलेली बटणं शोधू लागल्या. "तिला सांगू नकोस हं."

"नाही सांगणार."

"आणि ते चित्र परत टाक. बरं आलंय. नाक जरा मोठं केलंयस, पण असू दे."

"निळ्यासकट?"

"छे! अब्रू आहे की नाही घराला?"

दुकानातून जाताना सुनेने भुवया उंचावल्या. बाईंनी नुसती मान हलवली. एका कुलपात आता दोन गुपितं होती.

दुसऱ्या गावची बस अर्धी रिकामी होती. बाईंनी झाकण मांडीवर घेतलं, वही उघडली, कडा पकडल्या. 'काळं-पांढरं' दाबलं आणि या वेळी फोन सावलीत धरून नीट बघितलं. डाग गेला, पिवळेपणा गेला, कानातलं निळं हळूच मिटून गेलं. तरीही त्यांनी चित्र मोठं करून कानाची पाळी दोनदा तपासली. मग पाठवलं. डोंगर सुरू व्हायच्या आत ते पोचलंही.

लागलीच फोन थरथरला. सूनबाईच होत्या.

"हां. आता घरी दिसतात तशा दिसल्या."