काळ्या लोकरीच्या गाठी

माझ्या विहिणीचे गुडघे आता गेलेत. लोक मला म्हणतात, तिला म्हातारपण आलं, जुनं सोडून द्या. मी सोडणार नाही.

नातू सातव्या महिन्यातच झाला. सांगलीच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मुलगा फौजेत, त्याला रजा मिळेना. सून खाटेवर पडून. धावपळीला तिची आई आणि मी. ती ऊसवाली बागायतदारीण, मी म्हसवडकडची, जन्मभर मेंढरं राखलेली. माझ्याजवळ बसताना ती नाकाला पदर लावायची.

सोमवारी मला हात धुवायला लावून आत सोडलं. मी पोराच्या पायाला बोट लावलं आणि बाहेर आले. शुक्रवारी त्याला हगवण लागली. हिरवी, पाण्यासारखी. ढुंगण सोलून निघालं.

विहीण नर्ससमोर ओरडली, "ह्यांनीच कायतरी चाटवलं आसंल. घुटी, न्हाईतर मध. कोकरू वाटलं व्हय तुमास्नी?"

"म्या पायाला हात लावला निस्ता."

"आता काय बी सांगाल!"

मला आत जायची बंदी झाली. सून मान खाली घालून बसली. मग विहिणीनं लेकीला सांगितलं, तुझंच दूध बाधतंय. सून पिळून द्यायची ते दूध ती मोरीत ओतायची, मी लंगोट धुताना पाहिलं, आणि नर्सला सांगायची, दूध येत नाही.

लंगोट मात्र पहिल्या दिवसापासून मीच धूत होते. त्याला तिची हरकत नव्हती. चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं, पण धुताना हात ओले. म्हणून आजारी कोकरांची मोजदाद ठेवतो तशी ठेवली. दर लंगोटाला पांढऱ्या दोऱ्यावर एक गाठ. बुधवारी नवीन इंजेक्शन चालू झालं, दुकानातून मीच आणलं होतं, तिथं लाल धागा. पातळ शी झाली की गाठीत काळी लोकर.

शनिवारी मोठी डॉक्टरीण आली. मी दोरा घेऊन तिच्या वाटेत उभी राहिले.

"डॉक्टर, त्यांचं ऐकू नका," विहीण म्हणाली. "अडाणी हाईत."

डॉक्टरीणबाईंनी दोरा हातात घेऊन एकेक गाठ विचारली. आत जाऊन कागद पाहिले. बाहेर येऊन म्हणाल्या, "आजी, काळ्या गाठी लाल धाग्यानंतरच्या आहेत. घुटीचा काही संबंध नाही. जंतू मारायच्या औषधानं पोटातले चांगले जंतूही मरतात. रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, एक इंजेक्शन बंद करू. हगवण थांबवायचं औषध द्यायचं नाही. अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, ढुंगणाला मलम लावायचं आणि आईचंच दूध नळीनं द्यायचं. ते का बंद आहे?"

मी बोट दाखवलं. "ह्या बाईनं मोरीत वतलं."

डॉक्टरीणबाई तिला सगळ्यांदेखत बोलल्या. मी शब्द न् शब्द ऐकला. गोड लागला.

चार दिवसांनी काळी लोकर लागेनाशी झाली. पोर वाचलं. विहिणीनं चूक कबूल केली नाही. "माझ्या मनात काय न्हवतं," एवढंच म्हणाली.

बारसं मी मुद्दाम म्हसवडला करायला लावलं. सून रडली, तिला माहेरी हवं होतं. मी ऐकलं नाही. विहिणीची ओटी भरली. खण, गहू, नारळ आणि वर तो दोरा.

"ह्यो कसला दोरा?"

"नातवाचा. काळ्या गाठी मोजा, विहीणबाई. मोठ्यानं."

बायका पुढं सरकल्या. भरली ओटी टाकून उठता येत नाही. तिनं मोजायला सुरुवात केली. अकराव्या गाठीला तिनं डोळ्यांना पदर लावला.

"मोजा," मी म्हटलं. "आजून लय हाईत."