आधी पार्क

गोंदियातल्या सायबर कॅफेत तो माझ्या शेजारी बसला होता. हॉलिडे क्लबचं कार्ड त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं. साठलेल्या पॉइंटांवर त्याला मुंबईत आठवडाभर खोली हवी होती आणि थीम पार्कजवळ दोन दिवस.

“काका, मुंबई पहले ले लो, पॉइंट कम लगेंगे,” कॅफेवाला म्हणाला.

“नाही. पार्क पहिले.”

“क्यों?”

“मुंबईले पोरीचं ऑपरेशन आहे. तिले वाटते, फिराले जाऊन राहिलो.” त्याने कार्ड पालथं ठेवलं. “मंग ती झुल्यावर बसन का नाही, डॉक्टर सांगत नाही.”

कॅफेवाल्याने तारखा बदलल्या. मुंबईच्या खोलीत माणसं किती, असं त्याने विचारलं.

शेजारच्याने पालथं कार्ड पुन्हा सुलटं केलं.

“तीन लिहा,” तो म्हणाला. “जाताना त तिघंच आहो.”