विसाव्यापर्यंतचा रस्ता

तीस वर्षं मी सातवीच्या मुलांना सीमा शिकवली. फळ्यावर खडूने रेघ ओढायची, अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गुजरात, की तास संपला. खरी सीमा दिसते कशी, हे मुलांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी बघायला गेले नाही. निवृत्त झाल्यावर मात्र हे खटकायला लागलं. अशात आमच्या इतिहासप्रेमींच्या गटात कुणीतरी लिहिलं, की तलासरी तालुक्यात नगर हवेलीच्या हद्दीवर पोर्तुगीज काळातला एक कोरीव दगड अजून उभा आहे. फोटो कुणाकडेच नव्हता. मग काय, बॅग भरली.

२०१९चा फेब्रुवारी होता. डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसत होते, त्यामुळे मुलगा नको म्हणत होता. मी त्याला म्हटलं, धक्के माझ्यासाठी थांबणार नाहीत आणि मी धक्क्यांसाठी. हा माझा स्वभाव. शाळेतही मुख्याध्यापक माझ्यापुढे फार बोलत नसत.

नाशिकहून जव्हारमार्गे एसटीने डहाणूला पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस जातो. जव्हारच्या पुढच्या वळणांवर पोट हलतं, तेव्हा सकाळी हलकंच खा. डहाणूजवळ एका चिकूवाडीत राहिले. खोली स्वच्छ, जेवणात ताजे बोंबील, आणि सकाळी झाडाखाली वेचलेले चिकू हवे तेवढे. वाडीच्या मालकीणबाईंना मी बेत सांगितला, तर त्या म्हणाल्या, “तलासरीच्या आत? तिकडे बघायला काय आहे?” मी म्हटलं, दगड. त्यांनी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी जयेश नावाच्या ड्रायव्हरची इको गाडी ठरवली. दिवसाचे अठराशे, पेट्रोल त्याचं. जयेश चाळिशीचा, घरी गुजराती, गिऱ्हाइकाशी मराठी, पोलिसांशी हिंदी. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळासमोर गाडी थांबवून त्याने हात जोडले. पुढे महामार्गाने तलासरी आणि तिथून उधव्याच्या रस्त्याने आत. आत वळल्यावर दर दोन घरांमागे अंगणात निळी ताडपत्री दिसायला लागली. लोक घराबाहेर राहत होते. चुली बाहेर, अंथरुणं बाहेर, एका शाळेचा वर्गसुद्धा आंब्याखाली भरला होता. “आता सवय झाली, मॅडम,” जयेश म्हणाला. “घर हललं की कोंबड्या आधी बाहेर पळतात, मग माणसं.”

ज्या पाड्यावर आम्ही गेलो त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मागे एका धबधब्याचं लिहिलं होतं, तर लोक तिथे स्पीकर घेऊन पोचले.

गाडीतून उतरले तेव्हा माझ्या गळ्यात दुर्बीण, हातात वही आणि खांद्याला मोजपट्टी होती. ताडपत्रीखालून एक पंचाहत्तरीचा माणूस उठून आला. देवजीबाबा. अंगात बंडी, कमरेला लंगोटी, पायात काही नाही.

“आलीस, बाय? लय उशीर केलास,” ते म्हणाले.

तिथे लहानथोर सगळ्यांना एकेरीच बोलतात, त्यात अनादर नसतो. मला ते स्वागत वाटलं. मी दगडाबद्दल विचारलं. “तोच दावतो ना,” म्हणत ते काठी घेऊन निघालेसुद्धा. मागे एक बाई दुसरीला ओरडून सांगत होती, “मोजणीवाली आली, मोजणीवाली!”

ते मी ऐकलं. धक्क्यांनंतर तिथे पंचनाम्याला, पाहणीला साहेब लोक येत होते, त्यांतलीच एक मी, असा त्यांचा समज झाला होता. खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. पण दगड दाखवायला हा माणूस निघाला होता, आणि मला दगड बघायचा होता. मी गप्प बसले आणि त्यांच्या मागे चालू लागले.

पायवाट आधी नागलीच्या रिकाम्या शेतांतून, मग पळसांतून चढावर जाते. वीसेक मिनिटांची चाल आहे, बूट घाला. वाटेत देवजीबाबा इतिहास सांगत होते आणि मी भराभर लिहून घेत होते. त्यांच्या लहानपणी टेकाडापलीकडे फिरंग्याचं राज्य होतं. १९५४ साली ते गेलं, त्यानंतरही हद्द तिथेच राहिली. गावाची मसणवट मात्र पलीकडे, ओहळाच्या काठी. हद्दीची रेघ पडायच्या आधीपासून तिथेच. त्यामुळे या गावाचं माणूस जगायचं एका राज्यात आणि जळायचं दुसऱ्यात.

“फिरंगी अडवायचे नाहीत?” मी विचारलं.

“नाय. बापूस सांगायचा, आमचं मयत आलं का शिपाय टोपी काढून उभा राहं.”

टेकाडावर तो दगड होता. कमरेइतका उंच, एका अंगाला झिजलेलं अक्षर, वर सपाट. मी चारही बाजूंनी फोटो काढले, मोजमाप घेतलं. माथ्यावर काळपट तांदळाचे दाणे चिकटलेले दिसले.

“ह्यो आमचा विसावा,” देवजीबाबा म्हणाले. “मयत इथं टेकवायचं, तांदूळ ठेवायचे, खांदा बदलायचा, का पुढं. विसाव्यावरनं मयत मागं फिरवायचं नाय. फिरवलं तर जीव वाट चुकतो.”

तेव्हा मी दगडावरून नजर उचलली. दगडापासून दहा पावलांवर भिंत होती. सिमेंटची, दोन पुरुष उंच, वर काटेरी तार, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर. पलीकडे कारखान्याची शेड. पायवाट सरळ भिंतीत जाऊन संपत होती.

“भितीला दोन वरसं झाली. आता टेंपोत घालून सडकेनं फिरून नेतात. आमी मोजणीला अर्ज दिलता. वाट नकाशात आली का कारखानावाले फाटक ठेवतील म्हणत.” मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “बुधीला टेंपोत नाय घालायचं. खांद्यावर न्यायचं.”

बुधी त्यांची बायको. खाली परत आल्यावर मी तिला पाहिलं. ताडपत्रीखाली खाटेवर, हाडांची जुडी, डोळे मिटलेले. घरात ठेवावी तर धक्का बसला की उचलून पळायचं कुणी, म्हणून दोन महिने बाहेरच. देवजीबाबांनी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, “मोजणीवाली आली गं. वाट बघून आली.” तिने मान हलवली.

आता मात्र मला माझी लाज वाटली. मी म्हटलं, “बाबा, मी मोजणीची नाही. मी शाळेत शिकवायचे. दगड बघायला आले होते.”

देवजीबाबा खाटेच्या कडेला बसले. सुनेने कोरा चहा आणून ठेवला. जयेश गाडीकडे जाऊन उगाच काच पुसायला लागला.

“मंग येवढी चाललीस कशाला?” देवजीबाबांनी विचारलं.

मी वही मिटली. वहीकडे बघत ते म्हणाले, “नकाशा काढता येतो ना तुला?”

“येतो.”

“मंग काढ.”

मी खाटेशेजारी बसून दोन तास नकाशा काढला. आयुष्यात इतका काळजीपूर्वक एकही काढला नव्हता. वर शीर्षक, कोपऱ्यात दिशा, खाली प्रमाण, बाजूला चौकट आखून सूची. तुटक रेषा म्हणजे पायवाट, त्रिकोण म्हणजे विसाव्याचा दगड, फुली म्हणजे मसणवट. याला सरकारी किंमत नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी कागद रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घातला. निघताना सुनेने नागलीची भाकर आणि सुकटाची चटणी बांधून दिली. ती घेताना मान वर होईना.

घरी आल्यावर दगडाचा फोटो गटात टाकला. खूप कौतुक झालं, एकांनी तर लेख मागितला. तलासरीच्या आणि पलीकडच्या, दोन्हीकडच्या कार्यालयांना मी पत्रं लिहिली. तिकडची हद्द यांची नाही आणि इकडची त्यांची नाही, असं उलटटपाली कळलं.

मे महिन्यात जयेशचा फोन आला. बुधी गेली होती. तो त्या बाजूला भाडं घेऊन गेला होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं. देवजीबाबांनी कुणाचं ऐकलं नाही, मयत खांद्यावरून विसाव्यापर्यंत नेलं. दगडावर टेकवलं, तांदूळ ठेवले. मग एकटे भिंतीच्या कडेकडेने कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि वॉचमनला माझा कागद दाखवला.

“वॉचमन माणूस चांगला होता, मॅडम,” जयेश म्हणाला. “नीट बघितला त्याने. वर फोनसुद्धा लावला. मग म्हणाला, ‘नक्शा एकदम बराबर है, बाबा. इस पे सिक्का किधर है?’”

विसाव्यावरून बुधीला मागे फिरवलं. टेंपो खाली सडकेवर उभाच होता.

माझ्या वर्गात नकाशाला सूची नसली तर मी अर्धा गुण कापायचे, दिशा नसली तरी अर्धा. मुलं रडायची, तरी सोडायचे नाही. शिक्का नाही म्हणून मात्र तीस वर्षांत मी कुणाचा गुण कापला नाही.