मोबाईल नंबरचे अवयव

तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या खालच्या मजल्यावर एक काका एकटेच राहतात. भेटेल त्याचा मोबाईल नंबर विचारतात आणि त्याला कशाकशानं भाग जातो, ते जिन्यातच डोळे मिटून पाहतात. लोक "हव काका" म्हणत सटकतात. त्या दिवशी मी थांबलो, नंबर सांगितला. ओठ हलवत त्यांनी आकडे एकाआड एक मिळवले.

"विषम हाय. तीनानं भाग जाते, अकरानं बी. म्हणजे मूळ संख्या नाही."

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. मी दचकलो. "काका, तब्येत बरी आहे ना?"

"हव. सातानं बी भाग जाते, तेच सांगून राहिलो."

सांगून झालं, तरी त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. फोन कानाला तसाच धरून मी चपला घातल्या.