फवारणीची खाज

फुलसावंगीच्या शिवारात फवारणी करणाऱ्या कोणाले खाज सुटत नाही? कपाशीवर औषध मारून आलं की मांड्या, जांघा लाल. लघवीच्या जागी खाज सुटली तेव्हा मी बी तेच धरून चाललो. मेडिकलवाल्याले म्हणे, 'गजकर्णाची ट्यूब दे.' कुठं लावाची ते सांगतच नव्हतो, लाज वाटे. चार वर्षं ट्यूबा चोपडल्या. कातडी पांढरी पडली, आवळत गेली, मागं सरकेना. तरी मी पंपालेच शिव्या देत राह्यलो. असा येडपट माणूस.

मग गाठ आली, रक्त येऊ लागलं. यवतमाळच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई माह्या पोरीच्या वयाच्या. कॅन्सर आहे म्हणाल्या.

"फवारणीनं झाला ना, बाई?"

"मी तसं म्हणणार नाही. कातडीचा हा पांढरा रोग जुना आहे. वेळेवर दाखवला असता तर आवरता आला असता. शिवाय तुकड्यात विषाणूही सापडला. तो संबंधातून लागतो, वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. दोन्हींमुळे असा कॅन्सर होऊ शकतो."

किती भाग कापावा लागन तेही त्यांनी सांगितलं. ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढचं मात्र नीट ऐकू आलं. तोच विषाणू बायकोच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी राहू शकतो, त्यांना तपासणीला आणा.

आता हे घरी कोणत्या तोंडानं सांगाचं? कापण्यापेक्षा मले त्याचंच भेव जास्त. दुखते म्हणून दोन वर्षांपासून मी तिच्याजवळ गेलो नव्हतो, अन् काहून तेही सांगितलं नव्हतं. त्यात लग्नाआधी ऊसतोडीले गेलतो, तिथली एक भानगड कोणालेच ठाऊक नव्हती. ती विचारणारच, हे आणलं कुठून?

घरी आलो तर ती अंगणात तूर पाखडून राह्यली होती. मी समोर बसलो अन् सगळं सांगून टाकलं, ऊसतोडीचंही. माही मान वर झाली नाही. वाटलं, आता तोंडावर थुंकते.

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तपासाले कवा जाचं?"

"तुले राग नाही आला?"

"येईन तवा येईन," ती म्हणाली. "मले पाळी जाऊन पाच वर्षं झाली, तरी दोन वर्षांपासून अंगावरून लाल जाते. तुमी जवळ येत नव्हते ना, मले वाटलं, तुमाले माह्या अंगाचा वास येते."